तोंडं सारखी, पोटं निराळी

भिवंडीतून नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की शेलार येतं. कागदोपत्री ग्रामपंचायत, पाहायला गेलं तर भिवंडीचंच लांबलेलं टोक. लूमचे शेड, त्यांच्या खडखडाटाला सरावलेल्या चाळी, आणि रस्त्याकडेला चहा, वडापाव, मोबाइल रिपेअरिंग. संध्याकाळी पाळी सुटली की या मोबाइलच्या टपऱ्यांपुढे माणसं उभी राहतात. नवा फोन घेणारे त्यात थोडे. रिचार्ज, काच आणि वायर मागणारेच जास्त.

वायर मागण्याची भाषाही मजेची. कुणी ‘सी-टाइप’ म्हणतो, कुणी ‘साधी पिन’, कुणी ‘पतली पिन’, कुणी नुसतंच ‘आपली नेहमीची’. मुरलेला दुकानदार या वर्णनांवर विश्वास ठेवत नाही. “फोन दिखाओ,” म्हणतो, फोन उलटा करून भोक बघतो आणि मगच आकड्यावरचं पाकीट काढतो. या धंद्याचे स्वतःचे शब्दही आहेत. मायक्रो यूएसबीच्या केबलला घाऊक बाजारात अजून ‘व्ही-८’ म्हणतात. मोटोरोलाच्या व्ही-८ नावाच्या फोनला ही पिन होती. फोन केव्हाच गेला, नाव मागे राहिलं.

वीस वर्षांपूर्वी भोक बघून भागत नव्हतं, फोनची कंपनीही विचारावी लागे. नोकियाची एक जाडी गोल पिन, साडेतीन मिलिमीटरची. मग त्याच नोकियाची बारीक पिन आली, दोन मिलिमीटरची. घरातले जाड पिनेचे चार्जर वाया जाऊ नयेत म्हणून कंपनीनेच ‘सीए-४४’ नावाचा बोटभर अडॅप्टर काढला. एका टोकात जाडी पिन घालायची, दुसऱ्या टोकातून बारीक निघायची. सोनी एरिक्सनचं तोंड चपटं, सॅमसंगचं आणखी वेगळं, मोटोरोलाला मिनी यूएसबी. कुठलीच पिन बसेना तेव्हा शेवटचा उपाय म्हणजे चिमट्याचा चार्जर: फोनची बॅटरी काढायची, चिमट्यात धरायची, दोन तारा बॅटरीच्या पत्र्यांवर टेकवायच्या आणि लाल-हिरवे दिवे लुकलुकताना बघत बसायचं. लग्नाच्या वऱ्हाडात एखाद्याकडे तो चार्जर असला की त्याचा मान नवरदेवाच्या खालोखाल असे.

हा गोंधळ सरकारांनाही दिसत होता. चीनने २००६ च्या अखेरीस मानक काढून चार्जरला यूएसबीचं तोंड द्यायला सांगितलं. २००९ मध्ये युरोपात चौदा उत्पादकांनी मायक्रो यूएसबी वापरण्याचा करार केला, पण तो राजीखुशीचा मामला होता. अ‍ॅपलने २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर स्वतःची लायटनिंग पिन आणली आणि ती पुढे अकरा वर्षं चालवली. मग युरोपीय संघाने कायदाच केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी ठरलं की फोन, टॅब्लेट, कॅमेरे यांना सी-टाइपचंच तोंड हवं. २८ डिसेंबर २०२४ पासून तो नियम लागू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ ला सी-टाइप पिन आली, ती याच रेट्यात. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्पादकांना बसवून यावर सहमती घडवली आणि पाठोपाठ भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, सी-टाइपचं मानक जाहीर केलं.

म्हणजे प्रश्न सुटला? तोंडापुरता सुटला. पूर्वी पिन बसत नसे आणि गिऱ्हाईक मुकाट परत जाई. आता पिन बसते, बॅटरीचं चित्र हलायला लागतं, आणि रात्रभर लावूनही सकाळी फोन साठ टक्क्यांवर असतो. जुना घोळ डोळ्यांना दिसायचा. नवा घोळ वायरच्या पोटात आहे, आणि तो जास्त त्रासाचा आहे.

वायरच्या पोटात शिरण्याआधी बडोद्याला एक फेरी मारायला हवी. यूएसबीच्या जनकांत ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं ते अजय भट्ट मूळचे बडोद्याचे; सयाजीरावांच्या नावाने चालणाऱ्या तिथल्या विद्यापीठात शिकलेले. पुढे अमेरिकेत जाऊन ते १९९० मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. त्या काळी संगणकाला माऊस एका भोकात, कीबोर्ड दुसऱ्यात, प्रिंटर तिसऱ्याच रुंद पन्हळीत, आणि जोडल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. घरात पत्नीला साधा प्रिंटर जोडताना होणारा त्रास पाहून विजेच्या प्लगसारखं सोपं काही असावं असं त्यांच्या मनाने घेतलं. इंटेलसह सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये ‘युनिव्हर्सल सिरियल बस’चं पहिलं मानक काढलं. इंटेलने त्यावर रॉयल्टी घेतली नाही. ते जगभर पसरण्याचं हेही एक मोठं कारण.

त्या पहिल्या चौकोनी पिनेची एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे: ती पहिल्या खेपेला कधी जात नाही. उलटी केली तरी जात नाही, पुन्हा सुलटी केली की जाते. याबद्दल भट्ट यांना विचारलं गेलंच. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता, आणि नव्या गोष्टीला तेव्हा तो झेपला नसता, असं त्यांचं उत्तर. दोन्हीकडून बसणारी सी-टाइप यायला २०१४ साल उजाडलं.

जुन्या पिनेत चार तारा: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. सी-टाइपचं तोंड जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच, पण त्यात चोवीस संपर्कबिंदू बसवलेले आहेत. खालच्या बाजूचे बारा वरच्या बाजूच्या बाराचंच उलटं प्रतिबिंब, म्हणून ती कशीही घातली तरी चालते. मात्र चोवीस जागा आहेत म्हणून चोवीस तारा असतातच असं नाही. स्वस्त केबलमध्ये बहुतेक वेळा त्याच जुन्या चार तारा असतात आणि इशारा द्यायला एखादी जास्त. काहींत तर माहितीच्या दोन ताराही गाळलेल्या. अशी वायर फोन चार्ज करते, पण संगणकाला लावून लग्नाचे फोटो उतरवायला गेलं की संगणक फोनला ओळखत नाही. वायर बिघडलेली नसते. ती तेवढीच बनवलेली असते.

विजेच्या तारांचं मात्र लूमच्या गावाला चटकन समजेल असं एक गणित आहे. सुताला काउंट असतो. काउंटचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक; साठ काउंटपेक्षा ऐंशीचं बारीक, हे लूमवरच्या पोराला सांगावं लागत नाही. तांब्याच्या तारेलाही तसाच गेजचा आकडा असतो आणि त्याची रीतही तीच. केबलचं आवरण उजेडात धरलं तर कित्येकदा त्यावर ‘एडब्ल्यूजी’ या अक्षरांशेजारी २८ किंवा २४ असा आकडा छापलेला दिसतो. २८ ची तार बारीक, २४ ची जाड.

फरक किती पडतो? २८ गेजच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम. वीज एका तारेने जाते, दुसरीने परत येते, म्हणजे ०.४२ ओहम. फोनने २ अँपिअर ओढले की वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात. चार्जरमधून पाच व्होल्ट निघाले, फोनच्या तोंडाशी सव्वाचारही पोचले नाहीत. फोनला हे कळतं आणि तो आपली भूक आवरती घेतो. तीच वायर २४ गेजची असेल तर गळती ०.३५ व्होल्टच्या आत राहते. वायर दोन मीटरची घेतली की गळती दुप्पट. खाटेवर पडल्या पडल्या फोन बघता यावा म्हणून घेतलेली लांबलचक वायर फोन सावकाश का भरते, त्याचं उत्तर एवढंच आहे.

बाहेरची नायलॉनची वीण पाहून वायर मजबूत समजणारेही बरेच. वीण चांगली दिसते, घासण्यापासून आवरणाला वाचवतेही, पण आतल्या तांब्याबद्दल ती काही सांगत नाही. कापड विणणाऱ्या गावाने तरी वेष्टनावरून कापडाची किंमत करू नये.

वायर मरते ती बहुतेक वेळा मानेशी, पिन आणि तार जिथे जुळतात तिथे. रिपेअरिंगवाल्याने अशी मेलेली वायर ब्लेडने उभी चिरून दाखवली की आत पाहण्यासारखं असतं. लाल आवरणात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या काड्यांचा झुबका. त्यातल्या निम्म्या तुटून काळवंडलेल्या, दोन-तीन कशाबशा धरून असलेल्या. सगळी वीज त्या दोन-तीन काड्यांतून जाऊ पाहते, म्हणून मान गरम लागते. ‘वायर अशी धरली तर चार्ज होतो, सोडली की बंद’ हे जे दुखणं आहे ते इथलं. सुताचा धागा तुटला तर गाठ मारून लूम पुन्हा सुरू करता येतो. इथे गाठ मारून चिकटपट्टी गुंडाळणारे बहाद्दर आहेत, पण तो जोड पुढे उशीखाली गरम होतो. मानकाप्रमाणे मायक्रो आणि सी-टाइप पिन दहा हजार वेळा घालण्या-काढण्याला टिकायला हवी. रोज दोनदा म्हटलं तरी तेरा वर्षांहून जास्त. तेवढ्या काळात फोन तीन-चार बदलतील. पण फोन चार्जिंगला लावून त्यावर बोलत, वायरला काटकोनात मुडपून ठेवण्याचा हिशेब त्या दहा हजारांत धरलेला नाही.

आता जलद चार्जिंग. पहिल्या यूएसबीतून पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळत. २०२१ च्या मानकानुसार ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत मजल गेली: ९६ पट. हे साधायला दोन वाटा होत्या. क्वालकॉमने २०१३ च्या सुमारास व्होल्टेज वाढवण्याची वाट धरली, पाचाचे नऊ, बारा केले. ओप्पोने २०१४ मध्ये उलट केलं: व्होल्टेज पाचच्या आसपास ठेवून अँपिअर वाढवले, आणि त्यासाठी जाड तारेची, खास संपर्काची स्वतःची केबल काढली. वनप्लसने पुढे तीच वाट घेतली. परिणाम असा की चार्जर, वायर आणि फोन या तिघांनी आधी एकमेकांना ओळखावं लागतं. ही बोलणी फोन लावताक्षणी होतात, आपल्याला दिसत नाहीत. ओळख पटली तर साठ-सत्तर वॅट मिळतात, नाही पटली तर तिघंही निमूटपणे जुन्या पाच व्होल्टवर उतरतात. फोनबरोबरची वायर गावी विसरून आलेल्या माणसाला दुकानातली ‘६५ वॅट’ छापलेली वायर घेऊनही पूर्वीचा वेग मिळत नाही, तो यामुळे. पाकिटावरचा आकडा खोटा असेलच असं नाही. तो दुसऱ्या घराण्याचा असू शकतो.

तीन अँपिअरच्या वर वीज न्यायची तर सी-टाइप केबलच्या पिनेत एक इवलीशी चिप असावी लागते. मी किती भार सोसू शकते, हे ती चार्जरला सांगते. चिप नसेल तर प्रामाणिक चार्जर तीनच्या वर जात नाही.

प्रामाणिक हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण वायरसुद्धा खोटं बोलू शकते. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला सी-टाइप फोन जोडणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रोधक बसवायचा असतो. ‘मागे जुना चार्जर आहे, बेताने घे’ असा निरोप फोनला त्यातून मिळतो. काही उत्पादकांनी तिथे १० किलोओहमचा बसवला. त्याचा अर्थ होतो, ‘तीन अँपिअर आहेत, खुशाल ओढ.’ फोन ओढतो, आणि मागचा बिचारा चार्जर किंवा संगणकाचं भोक तापतं. गुगलमधले अभियंता बेन्सन लिऊंग यांनी २०१५ च्या अखेरीस ऑनलाइन मिळणाऱ्या अशा केबल स्वतःच्या पैशाने मागवून एकेक तपासायला घेतल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलमध्ये विजेच्या तारा चक्क उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप त्यात कामातून गेला. ज्याला वायरमधलं सगळं कळतं त्याची ही गत.

शेलारकराला ऑनलाइन खरेदी परकी नाही. मानकोली, दापोडे, पूर्णा या पट्ट्यात मोठमोठ्या कंपन्यांची गोदामं उभी आहेत; अख्ख्या मुंबईला जाणारा माल भिवंडीतून सुटतो. टपरीवर नको म्हणून मोबाइलवर मागवलेली वायर कदाचित पाच-दहा किलोमीटरवरच्या फळीवरूनच निघालेली असते. ती टपरीवरच्या वायरीपेक्षा चांगली असेलच याची हमी मात्र गोदामाच्या आकारावरून मिळत नाही. टपरीवर निदान लावून बघता येतं.

भिवंडीच्या फोनचा एक खास आजार म्हणजे सुताची तुसं. लूमच्या शेडमध्ये हवाच तंतूंनी भरलेली. ते केसांवर बसतात, भुवयांवर बसतात, खिशात साचतात. खिशातल्या फोनच्या भोकात ती तुसं शिरतात, आणि दर वेळी पिन घालताना आत दाबली जाऊन तिथे नमद्यासारखा थर बसतो. पिन मग अर्धा मिलिमीटर बाहेरच राहते. माणूस म्हणतो वायर गेली; नवी वायर घेतो; तीही सैल. मग दुकानदार म्हणतो ‘सीसी’ गेली. म्हणजे चार्जिंग कनेक्टर, फोनमधलं ते भोकच. सीसी बदलणं म्हणजे फोन उघडणं, गरम हवेने जुनी काढणं, नवी डाखणं किंवा खालची छोटी पट्टीच बदलणं. पण चांगला कारागीर आधी फोन बंद करून लाकडी दातकोरणीने आत हळूच कोरून बघतो. काळपट कापसाची एक गुळगुळीत वडी बाहेर येते, पिन ‘टक्’ करून बसते, आणि पाचशे रुपयांचं काम फुकटात होतं. टाचणीने मात्र हे करू नये. सी-टाइपच्या भोकात मधोमध पातळ जीभ असते, संपर्कबिंदू तिच्यावर असतात, आणि धातूचं टोक तिथे लागलं की खरोखरच सीसी बदलावी लागते.

वायरीवरची कंजुषी बहुतेक वेळा वेळच खाते. अडॅप्टरवरची जीव खाऊ शकते. भिंतीतले २३० व्होल्ट आणि हातातले पाच व्होल्ट यांच्यात त्या ठोकळ्यातल्या एका लहानशा ट्रान्सफॉर्मरची आणि काही मिलिमीटर मोकळ्या जागेची भिंत असते. हलक्या मालात नेमकी तीच भिंत पातळ केलेली असते. २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली चार्जर तपासले गेले, तेव्हा विजेचा धक्का रोखण्याच्या चाचणीत तीनच पास झाले. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवताना झिणझिण्या येतात, त्यात त्या भिंतीतली किंचित गळती असते. चांगल्या अडॅप्टरची ती मर्यादेत असते; पण झिणझिण्यांऐवजी चटका बसला तर तो ठोकळा त्या क्षणी काढून टाकावा.

अडॅप्टर ओळखायला एक सोपी खूण आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल अडॅप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. अडॅप्टरवर ‘आर’ हे अक्षर, आडवी रेघ आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप उघडून तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव आणि मालाचा प्रकार समोर येतो. क्रमांक नसेल, किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर समजायचं ते समजावं. उल्हासनगर इथून जवळच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या पट्ट्यात जुना आहे. ठोकळ्यावरचं नाव कोणतंही छापता येतं, हे सांगायला आणखी काय हवं?

एका खोलीत सहा-सहा कामगार राहतात तिथे एका बोर्डावर सहा फोन लटकलेले असतात, आणि वायर ज्याची त्याची राहत नाही. बाहेर पडलं की भोकही परक्याचं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांची पुस्तिका काढली, तिच्यात सार्वजनिक चार्जिंग पॉइंटमधून माहिती चोरण्याच्या प्रकाराचीही नोंद आहे. पिन एकाच वेळी वीज आणि माहिती दोन्ही नेते, हे त्याचं मूळ. प्रत्यक्षात उघडकीला आलेली अशी प्रकरणं फारशी नाहीत, आणि नवे फोन ‘फक्त चार्जिंग’ की ‘फाइल ट्रान्सफर’ हे आधी विचारतात. स्टेशनवर स्वतःचा अडॅप्टर भिंतीच्या साध्या प्लगमध्ये लावला तर तो प्रश्नच येत नाही. त्या प्लगमधून वीज सोडून काही येत नाही. सुट्टीत गोरखपूरकडे किंवा बिहारकडे निघालेल्या कामगाराला अडचण वेगळीच: आगीच्या धोक्यामुळे रेल्वेच्या डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवले जातात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी टपरीवर पॉवर बँक खपते, आणि तिच्याबरोबर फुटभर लांबीची वायर. दुकानदार ती फुटभर वायर स्वतःहून पुढे करतो. गेजचं गणित त्याने मांडलेलं नसतं, पण आखूड वायर फोन लवकर भरते हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

टपरीच्या फळ्यावर सी-टाइपची पाकिटं आता बहुतेक जागा व्यापून आहेत. लायटनिंगची दोन-चार, वरच्या बाजूला, धूळ बसलेली. व्ही-८ मात्र अजून हाताशी, खालच्या आकड्यावर. फोन बदलले तरी दाढीचं ट्रिमर, विजेरी, भजनाचा छोटा स्पीकर आणि गावाकडे आईला दिलेला बटणाचा फोन यांची तोंडं अजून तीच आहेत. त्या आकड्यावरचं पाकीट काढायच्या आधी दुकानदार फोन मागत नाही. गिऱ्हाइकाने पिशवीतून ट्रिमर काढून ठेवलेलं असतं.